गिअर अडतो, पण दोष कुठे?

गिअर नीट पडत नसला की दोष गिअरबॉक्समध्येच असणार, असं बहुतेक जण धरून चालतात. पुष्कळदा तो तिथे नसतोच. गिअरबॉक्स उतरवून उघडणं हे मोठं आणि खर्चाचं काम. ते करण्याआधी, पान्याला हात न लावता, दोष कोणत्या बाजूला आहे हे कसं ओळखायचं ते मी या सुट्टीत जबलपूरला मामांकडून शिकलो.

मामा तिथल्या व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झाले आहेत. १९६९ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात सैन्यासाठी शक्तिमान ट्रक आणि जोंगा बनत. ‘जोंगा’ हे नाव जपानी वाटतं, आणि गाडीचा आराखडाही मूळचा जपानच्या निसानचा. पण नाव मात्र ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांवरून आलं आहे. आपल्यातल्या किती कॅडेटना हे ठाऊक असेल, शंकाच आहे.

मामांच्या गल्लीतले एक काका शाळेच्या मुलांची जुनी व्हॅन चालवतात. जूनमध्ये शाळा उघडायला चार दिवस उरले आणि व्हॅनचा पहिला गिअर अडायला लागला. रिव्हर्स टाकताना तर खर्रर्र असा आवाज. मदनमहालच्या चढावर गाडी थांबली की पुन्हा पहिला पडेपर्यंत मागे घसरायची. मुलं भरलेली असताना हे चालणार नव्हतं. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं, आठ दिवस गाडी ठेवून घेऊ म्हणाले. म्हणजे आठ दिवसांची कमाई गेली, आणि पालक दुसरी व्हॅन लावणार ते वेगळंच.

मामांनी एकच प्रश्न विचारला, “इंजिन बंद असताना गिअर पडतात का?”

हा प्रश्न का, ते समजण्यासाठी थोडी रचना पाहू. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लच असतो. पेडल दाबलं की क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टला इंजिनकडून फिरवणं थांबतं. मग सिंक्रोनायझरची पितळी रिंग घर्षणाने दोन भागांचा वेग एक करते आणि दात गुपचूप एकमेकांत बसतात. चालत्या स्क्वॉडमध्ये उशिरा सामील होणारा कॅडेट आधी कदम मिळवतो, मग रांगेत शिरतो, तसंच हे. मात्र क्लच पूर्ण सुटला नाही तर इंजिन शाफ्टला ढकलतच राहतं, आणि बिचारी रिंग किती वेळ कदम मिळवणार? जुन्या ट्रकना अशी रिंगच नव्हती. तिथे ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून, मध्ये न्यूट्रलला थोडी रेस देऊन हा मेळ स्वतः घालायचा. त्याला डबल क्लच म्हणतात.

आता परीक्षा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गाडीसमोर किंवा मागे कोणी नाही. इंजिन बंद ठेवून क्लच दाबायचा आणि सगळे गिअर टाकून पाहायचे. मग इंजिन चालू करून तेच. बंद असताना गिअर सहज पडत असतील आणि चालू असताना अडत असतील, तर संशय क्लचवर. दोन्ही वेळा अडत असतील, तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी, तिचे झिजलेले बुश किंवा आतले फोर्क पाहावे लागतात.

दुसरी परीक्षा रिव्हर्सची. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, म्हणून तो खरं बोलतो. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबायचा, तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. थांबायचं अशासाठी, की शाफ्टची उरलेली फिरकी थांबायला तेवढा वेळ लागतो. तरीही दात वाजले तर क्लच सुटत नाही, हे नक्की. लायसन्सचं वय नसल्यामुळे मी बाहेर उभा राहून आवाज ऐकायचं काम केलं. चाचणी काकांनीच दिली आणि रिव्हर्स दणक्यात वाजला.

मामांनी पेडलची मोकळी चाल मोजली. पेडल हाताने दाबताना प्रत्यक्ष जोर लागेपर्यंत ते जितकं रिकामं जातं, ती मोकळी चाल. बऱ्याच गाड्यांत ती साधारण दोन सेंटिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. इथे ती दुपटीहून जास्त होती. केबलचा नट आवळल्यावर गिअर पडू लागले, पण दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. तेव्हा केबल काढली. टोकाजवळ तिच्या आतल्या बऱ्याच तारा तुटलेल्या होत्या. काहीशे रुपयांची नवी केबल आणि दीड तासाचं काम, एवढ्यावर भागलं. नट जास्त आवळून काम उरकणारेही असतात. मोकळी चाल अजिबात उरली नाही तर क्लच घसरतो आणि प्लेट लवकर झिजते.

केबलऐवजी हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल भराभर दोन-तीनदा दाबून पाहावं. त्यानंतर गिअर पडला तर पाइपमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलेंडर गळतो आहे. त्यात फक्त ब्रेक फ्लुइडच घालायचं. इंजिन ऑइल घातलं तर रबरी सील फुगून निकामी होतात.

गाडी धावत असताना एकच गिअर वाजत असेल आणि बाकीचे ठीक असतील, तर मात्र त्या गिअरची रिंग झिजलेली असू शकते. तेव्हा गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही. फक्त थंडीच्या सकाळी गिअर जड जात असतील आणि गाडी तापल्यावर सुधारत असतील, तर आधी तेलाची पातळी आणि प्रत पाहावी. कंपनीने जीएल-४ तेल सांगितलं असेल तर ‘मोठा आकडा म्हणजे भारी तेल’ असं समजून जीएल-५ ओतू नये. त्यातली जादा रसायनं डिफरन्शियलच्या दातांसाठी चांगली असली तरी काही तेलांतली गंधकयुक्त द्रव्यं पितळी रिंगा खातात.