एकच बिट बदलताना

शाळेच्या प्रयोगशाळेत अंडी उबवण्याची पेटी तयार केली आहे असे समजा. पेटीत सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमान राखायचे आहे. त्यासाठी आत एक हीटर व बाहेर दोन दिवे बसवले. हा सारा कारभार आर्डुइनो ऊनो (आर ३) या छोट्या बोर्डाकडे सोपवला. त्यावर एटमेगा ३२८पी हा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे एका चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक असतो. आज्ञावली 'सी' भाषेत लिहिली. ती वाचताना कुठेच चूक दिसत नाही. तरीही एखाद्या दिवशी बंद झालेला हीटर आपोआप पुन्हा सुरू होतो आणि अंडी वाया जातात. असे का व्हावे?

आठ खणांची पाटी

या चिपमध्ये 'पोर्ट-बी' नावाचे एक रजिस्टर आहे. रजिस्टर म्हणजे आठ खणांची पाटीच म्हणा ना! प्रत्येक खणात ० किंवा १ असतो; त्याला बिट म्हणतात. बिटांना उजवीकडून ०, १, २ असे ७ पर्यंत क्रमांक देतात. बिट ० बोर्डावरील ८ क्रमांकाच्या टोकाला, बिट ४ बाराव्या आणि बिट ५ तेराव्या टोकाला जोडलेला असतो. आपण हीटरचा रिले बिट ० वर आणि दोन दिवे बिट ४ व ५ वर जोडले. १ म्हणजे चालू, ० म्हणजे बंद.

हीटर चालू असताना पाटीवर ०००००००१ आहे. दोन्ही दिवे लावण्यासाठी ००११०००० असे लिहून टाकले, तर दिवे लागतील, पण हीटर बंद पडेल. कारण आठही खण एकदम लिहिले जातात. म्हणून जुनी किंमत वाचून 'किंवा' ही क्रिया करतात:

०००००००१ | ००११०००० = ००११०००१

ज्या खणावर १ ठेवला तो १ होतो; ज्यावर ० ठेवला तो होता तसाच राहतो. ००११०००० या संख्येला 'मुखवटा' म्हणतात. दिवे बंद करायचे तर उलटा मुखवटा घेऊन 'आणि' ही क्रिया करावी:

००११०००१ & ११००११११ = ०००००००१

अनेक बिटांचा गट

काही वेळा दोन-तीन बिट मिळून एक संख्या होते. याच चिपमधील टायमर १ चा वेग एका रजिस्टरातील खालचे तीन बिट ठरवतात. तेथे ०११ असेल तर घड्याळाचे ठोके ६४ ने, आणि १०१ असेल तर १०२४ ने भागले जातात. आता ०११ च्या जागी १०१ हवे म्हणून नुसते 'किंवा' केले, तर ०११ | १०१ = १११ होईल! १११ चा अर्थ, ठोके बाहेरच्या टोकावरून घ्या. तेथे काही जोडलेले नसेल तर मोजणीचा भरवसा राहत नाही. म्हणून वाचलेल्या प्रतीत आधी तिन्ही खण पुसावेत, मग नवी संख्या भरावी आणि शेवटी ती प्रत रजिस्टरात एकदाच लिहावी.

हीटर का पेटला?

आता मूळ कोड्याकडे वळू. दोन दिवे लावण्याचे काम तीन पायऱ्यांत होते: वाचणे, बदलणे, लिहिणे. तापमान वाढताच चालू काम थांबवून हीटर बंद करणारा 'व्यत्यय' आपण आज्ञावलीत ठेवला आहे. मुख्य आज्ञावलीने ०००००००१ वाचले, आणि नेमका त्याच क्षणी व्यत्यय आला. त्याने बिट ० शून्य केला. मग मुख्य आज्ञावली परतली आणि हातातल्या जुन्या प्रतीवरून तिने ००११०००१ लिहिले. हीटर पुन्हा चालू! दोघांनीही आपापले काम चोख केले, तरी घात झाला. हा क्षण क्वचितच गाठला जातो, म्हणून चाचणीत दोष सापडत नाही.

उपाय सोपा आहे. व्यत्यय चालू आहेत की बंद, याची नोंद करून ठेवावी. व्यत्यय बंद करावेत. तिन्ही पायऱ्या उरकाव्यात. मग नोंदीप्रमाणे पूर्वस्थिती आणावी. सरसकट 'चालू' करू नये, कारण ते आधीपासूनच बंद असू शकतात.

आणखी दोन सावधगिऱ्या सांगतो. रजिस्टरातील किंमत बाहेरच्या घटनेनेही बदलते. म्हणून 'व्होलटाइल' हा शब्द वापरून कंपायलरला प्रत्येक वेळी खरोखर वाचायला व लिहायला लावावे. सी भाषेत बिटांना नावे देण्याची 'बिट-फील्ड' ही सोय आहे. परंतु खण कोणत्या बाजूने मोजायचे हे भाषेच्या प्रमाणात ठरलेले नाही, ते कंपायलरवर सोपवले आहे. त्यामुळे एका कंपायलरवर चाललेली आज्ञावली दुसऱ्यावर चुकू शकते. मुखवट्यात असा घोटाळा होत नाही.

विचार करा

टायमर १ च्या खुणांच्या रजिस्टरात ज्या खणात १ लिहावा, ती खूण पुसली जाते. ० लिहिल्यास तशीच राहते. सध्या तेथे ००००००११ आहे. फक्त बिट ० ची खूण पुसायची आहे. 'किंवा' वापरावे का?

उत्तर: नाही. ००००००११ | ०००००००१ = ००००००११; हे लिहिल्यास दोन्ही खुणा पुसल्या जातील. सरळ ०००००००१ लिहावे.

म्हणून रजिस्टरला हात लावण्यापूर्वी चिपच्या माहितीपुस्तिकेतील त्याचे पान वाचण्याची सवय ठेवा.