दानात आलेले अनोळखी अवजार ओळखण्याची कृती

वाडा उतरवतात, भावाभावांत वाटण्या होतात, माळा रिकामा होतो. ज्यावर कुणीच हक्क सांगत नाही ते सामान पोत्यात भरून शाळेला, देवस्थानाला, एखाद्या संस्थेला नाहीतर माणुसकीच्या भिंतीला दिले जाते. कपडे आणि भांडी त्याच दिवशी कामी येतात. तळाशी एखादे लाकडी किंवा लोखंडी अवजार उरते, जे कुणालाच ओळखता येत नाही. चार जण चार तर्क करतात आणि महिन्याभरात ते भंगाराच्या काट्यावर जाते.

चांदवडात असे घडले की जास्त वाईट वाटते, कारण इतक्या निरनिराळ्या धंद्यांची अवजारे एका ठिकाणी यावीत अशी गावे थोडी. मुंबई-आग्रा रस्ता गावावरून जातो. होळकरांची टांकसाळ इथे होती, अहिल्याबाईंचा रंगमहाल इथे आहे. भोवती कोरडवाहू शेती आणि कांदा, एका अंगाला मनमाडचा रेल्वे कारखाना, दुसरीकडे येवल्याचे हातमाग, वर मालेगावचे यंत्रमाग. पोत्यातली वस्तू यांपैकी कुठूनही आलेली असू शकते. तर्क लढवण्यापेक्षा क्रमाने तपासले, तर बहुतेक वस्तू ओळखता येतात.

साहित्य

सुती दोरी आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या, पेन्सिल, पातळ पांढरा कागद, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेली टेप, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, भिंग, लोहचुंबक, रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश, जाड हातमोजे, मोबाइलचा कॅमेरा आणि एक वही. पितांबरी, चिंच, लिंबू, पॉलिश पेपर आणि रॉकेल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिली पायरी : पोते आले त्याच दिवशी

सगळ्यात मोलाचा पुरावा अवजारावर नसतो, देणाऱ्याच्या तोंडी असतो आणि तो माणूस दहा मिनिटांत निघून जाणार असतो. म्हणून त्याला चहा द्या आणि विचारून घ्या : घर कोणत्या गावचे, कोणत्या आळीतले? आजोबा-पणजोबा काय काम करत? ही वस्तू माळ्यावर होती, गोठ्यात होती की देवघराजवळ? हिच्याबरोबर आणखी काय होते? उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहा आणि चिठ्ठी वस्तूला बांधा. गोठा आणि माजघर एवढा एक फरक कळला तरी निम्मे तर्क गळून पडतात.

पोते उलटे करून कपडे इकडे, लोखंड तिकडे अशी वर्गवारी लगेच करू नका. एकत्र आलेल्या वस्तू एकमेकींची ओळख देतात. लाकडी मुठीचा अणकुचीदार टोचा एकटा सापडला तर तो दहा कामांचा असू शकतो. त्याच्याबरोबर रुंद पात्याची रापी आणि लाकडी फर्मा निघाला की ती चांभाराची आरी आहे हे सांगायला कुणी लागत नाही. भोक पाडलेला छोटा लाकडी तुकडा जात्याच्या तळीशेजारी होता असे कळले, तर ती माकडी असते. वरच्या तळीच्या तोंडात बसून खुंटीवर तळी तोलून धरणारी. नुसता तुकडा हाती आला असता तर तो चुलीत गेला असता.

दुसरी पायरी : साफ करू नका

देवघरातली वस्तू लखलखीत असावी ही आपली सवय चांगली आहे, पण इथे ती नुकसान करते. मुठीवरचा काळा तेलकट थर, खाचेत अडकलेले धान्य, दोरीचा तंतू, मेण, लाखेचा ठिपका हे सगळे साक्षीदार आहेत. कोरड्या ब्रशने सैल धूळ तेवढी झटका आणि खाचेतून निघालेला चुरा कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. गंजलेले पाते हातमोजे घालूनच धरा. काडतूस किंवा तोफगोळ्यासारखे काही दिसले तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

तिसरी पायरी : मापे आणि वजन

सहा बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक फोटोत टेप ठेवा. मग वस्तू कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची बाह्यरेषा काढा. फोटोत न दिसणारा थोडासा बाक अशा रेषेत लगेच दिसतो.

वजन मात्र जपून वाचा. काट्यावर ९३३ ग्रॅम आले तर ती विचित्र संख्या वाटते, पण ८० तोळ्यांचा पक्का शेर तेवढाच भरतो. ४६६ ग्रॅम म्हणजे अर्धा शेर, २३३ म्हणजे पावशेर, ११७ च्या आसपास म्हणजे नवटाक. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरून भागाकार करून पाहा. पूर्ण संख्या आली तर ते लोखंड म्हणजे तराजूचे जुने वजन असण्याची शक्यता मोठी. झिजल्यामुळे थोडे कमी भरेल, तेवढी सूट द्या. दशमान पद्धत १९५६ च्या कायद्याने आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यामुळे शेरात पूर्ण भरणारे वजन साधारण त्याआधीचे. लांबी इंचात पूर्ण येत असेल तरी असाच अंदाज बांधता येतो, पण तो कच्चा, कारण सुतार आणि गवंडी आजही इंचातच बोलतात.

भांड्यासारखी वस्तू असेल तर तिच्यात धान्य भरून मोजा. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे एकमेकांच्या दुपटीने वाढतात. घरातले एक माप ओळखू आले की बाकीची आपोआप रांगेत बसतात.

चौथी पायरी : झीज वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. हिला एक संध्याकाळ द्या. आकार फसवतो, झीज सहसा फसवत नाही. वस्तू खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा आणि दोन जागा शोधा : हात कुठे लागत होता आणि काम कुठे होत होते. हाताची जागा गुळगुळीत आणि गडद असते. कामाची जागा घासलेली, चरे पडलेली किंवा बोथट असते.

मग कामाचा प्रकार ठरवा. डोके फुलून कडा बाहेर वळल्या असतील तर त्यावर हातोडा पडत होता : छिन्नी, टाकी, पटाशी किंवा ठसा. कडीच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी खोल गुळगुळीत खाच असेल तर तिथून दोर किंवा साखळी फिरत होती. मोटेच्या चाकावर आणि जुवाच्या कड्यांवर ती दिसते. धार एकाच बाजूने उतरती असेल तर अवजार तासण्याचे : वाकस, रंधा, पटाशी. दोन्ही बाजूंनी उतरती असेल तर फोडण्याचे किंवा तोडण्याचे. जबडे असलेल्या वस्तूचे जबडे मिटून पाहा. ते धारदार असतील तर कापते, खरबरीत असतील तर धरते.

जबडे बोथट असून पुरते चिकटत नसतील आणि दांडे हातभर लांब असतील, तर तिथे थांबा. लोक त्याला पक्कड किंवा लोहाराची सांडशी समजतात. तो बहुधा गोऱ्हे खच्ची करण्याचा चिमटा असतो, कातडी न फाडता आतली नस दाबणारा. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तो दुरूनच ओळखतील.

आता खास आपल्याकडचे उदाहरण. चांदवड भागातल्या शेतकरी घरातून तळाला दोन, तीन किंवा चार भोके असलेली जाड लाकडी वाटी येते. शहरात तिला कुणी मेणबत्तीचे घर समजते, कुणी फुलदाणी. झीज पाहा. आतला उतार भोकांकडे गुळगुळीत झालेला असतो, म्हणजे तिथून काही बारीक आणि कोरडे सतत घसरत होते. भोके तळातून तिरपी बाहेर पडतात, म्हणजे खाली नळ्या बसत होत्या. वरची कड एका बाजूने जास्त झिजलेली असते, कारण मूठ तिथे टेकत होती. हे पाभरीचे चाडे. मुठीतले बी चाड्यात सोडले की ते नळ्यांतून एकेका फणामागे जमिनीत पडते. जितकी भोके तितके फण, म्हणून दुफणी, तिफण की चौफणी हेही त्या वाटीवरूनच कळते. पेरणीला सुरुवात करणे याला अजूनही चाड्यावर मूठ धरणे म्हणतात. फुलदाणी म्हणून विकली गेली तर एवढे सगळे पुसले जाते.

फसवणाऱ्या आणखी दोन वस्तू सांगतो. पितळेची मूठभर वस्तू, वर मोर किंवा हत्ती, तळाला आडव्या-उभ्या रेघा. तिला शिक्का समजतात. पण रेघांत अक्षर किंवा नक्षी नसते आणि उंचवटे गोलसर झिजलेले असतात. ती पाय घासायची वज्री. दुसरी म्हणजे भोके असलेली, अर्धचंद्रासारखी पातळ लोखंडी पट्टी. ती घोड्याच्या नालाचा तुकडा वाटते, पण घोड्याचा नाल एकसंध असतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याची पत्री दोन वेगळ्या तुकड्यांची. आग्रा रस्त्यावर बैलगाड्या चालत होत्या तोवर हे तुकडे ढिगाने लागत.

पाचवी पायरी : अक्षरे आणि खुणा

पातळ कागद वस्तूवर ठेवून पेन्सिलीचे शिसे आडवे, हलक्या हाताने फिरवा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरे कागदावर उमटतात. जी आय पी अशी रोमन अक्षरे निघाली तर वस्तू ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. ती कंपनी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे वस्तू त्याआधीची, आणि चांदवडात सापडली असेल तर मनमाडकडे चौकशी करा. शेफील्ड असेल तर इंग्लंडचे पोलाद. किर्लोस्कर असेल तर लोखंडी नांगर किंवा कडबा कापायच्या यंत्राचा भाग असण्याचा संभव. तांब्या-पितळेवर ठोक्यांनी काढलेले नाव आणि तारीख बहुधा लग्नातल्या आहेराची असते. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू बहुधा १९३० नंतरचा.

अक्षरे उलटी असतील तर वस्तू ठसा आहे, आणि चांदवडात उलट्या अक्षरांचा ठसा फार जपून ठेवायला हवा. इथल्या टांकसाळीत चांदवडी रुपया हातोड्याने पाडला जात असे. त्यावरची अक्षरे फारसी, गावाचे नाव ‘जाफराबाद ऊर्फ चांदोर’. त्या काळचे ठसे नाण्यापेक्षा रुंद असत, म्हणून जुन्या रुपयांवर मजकूर अर्धवट दिसतो. असे काही हाती आले तर गावात फिरवू नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे कागदावरचा उमटा आणि फोटो घेऊन जा. खोटे ठसेही बाजारात असू शकतात, तेव्हा ते लोक पाहीपर्यंत वहीत फक्त ‘ठसा’ एवढेच लिहा.

सहावी पायरी : माणसांना विचारा

फोटो पाठवून विचारू नका, वस्तू घेऊन जा. आणि नाव सुचवू नका. ‘काका, हे चाडेच ना?’ म्हटले की काका मान डोलावतात. ‘हे कसं धरायचं, दाखवा बरं,’ एवढेच म्हणा. खरे वापरलेल्या माणसाचा हात विचार न करता योग्य जागी जातो. नाव आठवायला वेळ लागला तरी चालेल. हात बरोबर पडला तर ओळख पटली.

लोखंडासाठी लोहार, लाकडासाठी सुतार, स्वयंपाकघरासाठी ऐंशीच्या घरातल्या आजी. दोन्ही टोकांना धातू बसवलेली, पोटात पोकळी असलेली नावेसारखी लाकडी वस्तू धोटा वाटली तर येवल्याच्या विणकराकडे न्या. शेतीच्या वस्तू कांदा घेऊन बाजार समितीत आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना दाखवा. ट्रॅक्टरची ट्रॉली रांगेत उभी असते, बोलायला वेळ असतो. एकमेकांना न भेटलेल्या दोघांचे उत्तर जुळले की ते वहीत लिहा. आज्यांना आधी विचारा, लोहार पुढच्या वर्षीही भेटेल.

सातवी पायरी : ताडून पाहा

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय या कामासाठी एकदा तरी पाहावे. दिनकर गंगाधर केळकरांनी घराघरांतून अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलपे, भांडी गोळा केली आणि सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू आहेत. घरगुती वस्तूंसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. पुस्तकांत त्रिंबक नारायण आत्र्यांचे १९१५ चे ‘गावगाडा’ बलुतेदारांच्या कामांसाठी, १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर इथल्या धंद्यांसाठी आणि मोल्सवर्थचा शब्दकोश आजींनी सांगितलेले नाव तपासण्यासाठी. अवजार चालवून पाहू नका, जुने लाकूड पहिल्याच झटक्यात चिरते.

आठवी पायरी : नोंद आणि निर्णय

वहीत तीनच रकाने करा : नक्की, बहुधा, अजून माहीत नाही. ‘बहुधा’ला ‘नक्की’त ढकलण्याचा मोह आवरा, कारण पुढचा माणूस तुमच्या वहीवर विश्वास ठेवणार आहे.

मग काय करायचे ते देणाऱ्याला विचारा. ओळख पटल्यावर काही घरांना वस्तू परत हवी असते. ती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. तशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापारही परवान्याशिवाय करता येत नाही. जमिनीत पुरलेले सापडले असेल तर १८७८ चा कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. बाकीच्या वस्तू शाळेच्या कपाटात नाव, गाव आणि कामासह मांडा. निधीसाठी विकायच्या असतील तर ओळख पटल्यावर विका, आणि चिठ्ठी वस्तूबरोबर द्या.

वाचकांना एक विनंती. तुम्ही स्वतः असे पोते देणार असाल तर देण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर ते उघडा. प्रत्येक अनोळखी वस्तूला चिठ्ठी बांधा : कुणाची, कुठल्या गावची, कशासाठी. वर सांगितलेल्या आठ पायऱ्यांतले निम्मे काम तिथेच संपते.