सीटला तेल पाजू नका

नवी कोल्हापुरी घरी आली की आजोबा तिला रात्रभर एरंडेल पाजायचे. सकाळपर्यंत तेल मुरलेलं असायचं आणि करकरणारी चप्पल मऊ झालेली असायची. जुन्या जॅग्वार मार्क टूच्या लाल सीटा पहिल्यांदा माझ्या हाती आल्या, तेव्हा मी तेच केलं. फक्त एरंडेलाच्या जागी खोबरेल घेतलं. ते मुरलं नाही. वरच चोपडं बसून राहिलं, त्यावर धूळ चिकटली, भेगा काळ्या पडल्या आणि श्रावणात सीटवर पांढरी बुरशी उगवली.

चूक समजायला वेळ लागला. कोल्हापुरीचं कातडं उघडं असतं. ते तेल पितं. गाडीच्या सीटच्या कातड्यावर कारखान्यातच रंगाचा पातळ थर चढवलेला असतो. सीटवरून हात फिरवताना आपण कातड्याला शिवतच नाही, रंगाला शिवतो. भेगा पडतात त्या आधी रंगाला, मग खालच्या कातड्याला. म्हणून हे काम जोड्यांच्या पॉलिशपेक्षा पत्र्याच्या रंगकामाला जवळचं आहे. घासणं, अस्तर, लांबी, रंग, वरचा हात, सगळं तसंच. फक्त हा पत्रा वाकतो.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे हे चामडंच आहे ना? आपल्याकडच्या अँबॅसिडर आणि पद्मिनीत बहुतेक रेग्झिनच असतं. जॅग्वार मार्क टू १९५९ ते १९६७ या काळात बनली आणि तिची ओळखच चामड्याच्या सीटा अशी. तरी सप्टेंबर १९६६ पासून कंपनीने काटकसर म्हणून अँब्ला नावाचं प्लास्टिकचं आवरण द्यायला सुरुवात केली. चामडं हवं तर जादा पैसे. शिवाय त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बसायचा भाग चामड्याचा आणि बाजू, पाठ, खालची झालर रेग्झिनची असायची. म्हणजे एकाच सीटवर दोन्ही. सीट उलटी करा आणि कापलेली कड बघा. विणलेलं कापड दिसलं तर रेग्झिन, लोकरीसारखी मोकळी लव दिसली तर चामडं. कुठे काय आहे ते कागदावर काढून ठेवा, कारण पुढे अ‍ॅसिटोन हातात घ्याल तेव्हा रेग्झिन त्यात विरघळायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट, कातड्यात जीव आहे का? शिवणीजवळची घडी चिमटीत धरून हलकेच ओढा. ताणलं गेलं तर ठीक. सुक्या पानासारखं चिरलं किंवा बोटाला लालसर भुकटी लागली, तर रंगाचे पैसे वाचवा आणि नवीन कातडं घालून घ्या. मुंबईत धारावीच्या चामडेबाजारात कातडी मिळतात. जॅग्वारला कातडी पुरवणारी लंडनची कॉनोली ब्रदर्स ही १८७८ साली सुरू झालेली पेढी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा ‘अस्सल कॉनोली’ म्हणून कोणी भाव चढवायला लागलं तर जरा सबुरीने घ्या.

तिसरी गोष्टही आहे, पण ती मताची. रंग नुसता विटलेला असेल, थोड्या सुरकुत्या असतील, फाटलेलं काही नसेल, तर सीट धुवून सोडून द्या. साठ वर्षं बसून पडलेल्या सुरकुत्या दुकानात मिळत नाहीत.

हंगाम दिवाळीनंतरचा. होळीपर्यंत चालतं. पावसाळ्यात पाण्यावर बनवलेला रंग वाळता वाळत नाही, आणि वरून वाळलेला वाटला तरी आत ओलसर राहून चिकट होतो.

साहित्य पाककृतीसारखं आधी मांडून ठेवावं. चामड्यासाठीचा पाण्यावर बनवलेला पिगमेंट रंग, पुढच्या-मागच्या सगळ्या सीटांना मिळून साधारण एक लिटर. त्याचाच अस्तराचा हात आणि वरचा साटीन किंवा मॅट हात. लवचीक लांबी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थोडं अ‍ॅसिटोन. ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर. मऊ ब्रश, पांढरी सुती फडकी, भांडी घासायचा नवा स्पंज कापून केलेले तुकडे. लहान तोंडाची स्प्रे गन, कॉम्प्रेसर, हेअर ड्रायर. तोंडाला वाफेचा मास्क. धुळीचा साधा मास्क या वाफेला उपयोगाचा नाही. आणि अल्कोहोल, अ‍ॅसिटोन उघडे असताना त्या खोलीत उदबत्तीसुद्धा नको.

रंग घेताना एक घोटाळा टाळा. मोची वापरतात तो बाटलीतला पातळ डाय वेगळा. तो कातड्यात शिरतो, वर थर धरत नाही आणि घामाने सुटतो. माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेव ज्या सीटवर बसला ती मी अशा डायने रंगवली होती. पांढऱ्या चुडीदारावर मागून उमटलेली लाली फोटोग्राफरने कशी लपवली ते त्यालाच ठाऊक.

आता कामाला लागू. सीटा गाडीतून काढा. रुळांचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मार्क टूच्या पुढच्या सीटच्या पाठीला अक्रोडाच्या लाकडाचं घडीचं टेबल असतं, तेही उतरवा. कागद चिकटवून झाकू म्हणाल तर पॉलिशवर रंगाची कड उमटलीच समजा. याच वेळी सीट दाबून बघा. आतला जुना रबरी फोम पिवळी पूड होऊन खाली गळत असेल तर आधी गादी, मग रंग. रंगवलेलं कातडं नव्या टणक फोमवर ताणून बसवलं तर नवा रंगही तडकतो.

धुण्यासाठी कडक साबण नको. कातडं स्वभावाने किंचित आंबट, कपड्याचा साबण त्याच्या विरुद्ध. लहान मुलांचा शांपू कोमट पाण्यात फेसाळून घ्या आणि फेस फेसच ब्रशवर घ्या, पाणी नको. गोल गोल हात फिरवा, लगेच ओल्या फडक्याने टिपा. पहिलं फडकं चहाच्या रंगाचं निघेल. फडकं पांढरं निघेपर्यंत हेच. बुरशी असेल तर सीट आधी अंगणात नेऊन झटका आणि अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, नाहीतर ब्रशने ती सगळीकडे पेरली जाते. सावलीत एक रात्र वाळू द्या. उन्हात ठेवलेलं ओलं कातडं आक्रसतं.

यानंतरची पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. नवा रंग सोलून निघतो, तो बहुतेक वेळा रंगाच्या दोषाने नाही, खालच्या तेलकटपणामुळे. आणि तेलाहून वाईट सिलिकॉन. सर्व्हिसिंगला गाडी दिली की डॅशबोर्ड चकचकीत करणारं पॉलिश पोरं सीटवरही मारून देतात. वर्षानुवर्षं मारलेलं ते सिलिकॉन भेगांत बसतं. त्यावर रंग मारला की रंग फाटतो. थर एकसंध बसतच नाही, छोटे छोटे गोल खळगे पडतात आणि प्रत्येक खळग्यातून जुना रंग डोळा वटारून बघतो. एकदा तसं झालं की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून चामड्याचा भाग अल्कोहोलने पुसा, हातभर जागेला एक फडकं. मग थोडं अ‍ॅसिटोन घेऊन सीटच्या लपलेल्या कोपऱ्यावर टेकवा. त्या काळच्या गाड्यांच्या सीटांवर बऱ्याचदा सेल्युलोजचा रंग असतो. तो लगेच मऊ होऊन फडक्यावर येतो. येऊ द्या, पण सगळा उतरवायच्या मागे लागू नका. सुटणारे पापुद्रे जावेत, भेगांच्या कडा बसाव्यात आणि चकाकी मरावी, एवढंच हवं. अ‍ॅसिटोन एका जागी तीन-चार सेकंदांच्या वर टेकू देऊ नका. रेग्झिनच्या बाजूंना फक्त अल्कोहोल. मग ४०० चा पेपर अल्कोहोलमध्ये भिजवून भेगांवर हलक्या हाताने आणि ६०० ने बाकी सगळीकडे. काम झाल्याची खूण सोपी आहे. सीटवर पाण्याचा थेंब टाका. मणी होऊन पळाला तर अजून पुसा, पसरून बसला तर पुढे जा.

कातडं कडक झालं असेल आणि शिवण उसवून खोळ निघत असेल, तर चामड्याचं कंडिशनर आतल्या लवेच्या बाजूने लावा. तिकडे रंग नसतो, तिथे ते पितं. आजोबांचा नियम इथे लागू पडतो. हाताला चिकटेल इतकं मात्र लावू नका आणि रंगाआधी दोन दिवस जाऊ द्या.

आता फाटलेलं. शिवण उसवली असेल तर डिंकाने ती धरत नाही, शिवावीच लागते. नायलॉनच्या पक्क्या दोऱ्याने, दाभणाने, जुन्याच भोकांतून. घाईत मशीनवर नवी भोकं पाडलीत तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी रांग तयार होते आणि पुढच्या वेळी कातडं तिथेच सुटतं. मध्ये फाटलं असेल तर पातळ कॅनव्हासचा तुकडा, भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन सेंटीमीटर मोठा, कोपरे गोल केलेला, चिमट्याने आत सरकवा. लवचीक गोंद लावून कडा एकमेकींना भिडवा. झटपट चिकटवणारा गोंद दगडासारखा होतो आणि त्याच्या कडेने नवी चीर जाते.

भेगांना लांबी भरायची ती भिंतीच्या लांबीसारखी नाही. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पातळसा हात ओढायचा, वाळू द्यायचा, ६०० ने घासायचं, पुन्हा ओढायचं. तीन-चार वेळा. एकाच वेळी जाड भरलीत तर पहिल्याच बसण्यात ती तडकते. बोट फिरवून भेग जाणवेनाशी झाली की थांबा. डोळ्यांना दिसणारी रेघ रंगाने झाकली जाते, बोटाला लागणारी नाही. शेवटी १००० चा हात आणि अल्कोहोलने पुसणं.

रंग जुळवायला निवांत वेळ ठेवा. वरचा विटलेला रंग नमुना म्हणून धरू नका. खालच्या घडीत दुमडलेलं, ऊन न लागलेलं कातडं शोधा, गाडीचा खरा रंग तो. त्या मार्क टूची सीट वरून विटकरी दिसत होती. पायपिंगच्या आत उघडून पाहिलं तर आमसुलासारखी गडद निघाली. पिगमेंट ओला असताना फिका दिसतो, वाळल्यावर गडद. म्हणून डबीत जुळवायचं नाही. थेंब कातड्यावर लावा, ड्रायरने वाळवा, मग बघा. काळा रंग टूथपिकच्या टोकाने घाला, तो परत काढता येत नाही. आणि ट्यूबलाइटखाली जुळवू नका. मी एकदा रात्री अकराला अगदी तंतोतंत जुळवला होता. सकाळी अंगणात नेला तर तो कुंडीच्या रंगाचा. सकाळच्या सावलीतला उजेड सगळ्यात खरा.

प्रत्यक्ष रंगवणं त्यामानाने पटकन होतं. आधी अस्तराचा हात. मग रंगाचा पहिला हात स्पंजने, पुसत नाही तर टिपत, म्हणजे रंग सुरकुत्यांत आणि शिवणींत जातो. शिवणी बोटांनी उघडून धरा. हा हात ठिगळठिगळ दिसेल, घाबरू नका. पुढचे गनने. हवेचा दाब २५ ते ३० पीएसआय, अंतर वीतभर, हात सतत चालता. एका हातात झाकायचा हट्ट नको. धुक्यासारखे चार-पाच पातळ हात, प्रत्येकामध्ये ड्रायर. दर दोन हातांनंतर सीट मुठीने दाबून बघा. घडीवर रेघ उमटली तर थर जाड होतोय.

वरचा हात साटीन घ्या, चकचकीत कधीच नको. जुन्या कातड्याची चकाकी बसून बसून येते. बाटलीतून आलेली लांबूनच ओळखू येते आणि गाडी केळवणाला निघाल्यासारखी वाटते. वरच्या हातात हार्डनर मिसळायचा असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात, आणि लागेल तेवढाच मिसळा, उरलेला दुसऱ्या दिवशी कामाचा नसतो.

तासाभरात बोटाला कोरडं लागेल. सीटा गाडीत बसवायला दोन दिवस थांबा, ओल्या फडक्याने पुसायला आठवडा. कंडिशनर महिनाभर नको. नंतरही नुसतं ओलं फडकं पुरतं, आणि सर्व्हिसिंगला देताना ‘सीटला काही मारू नका’ हे सांगायला विसरू नका.

हार्डनर न घातलेला उरलेला रंग काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि वर तारीख व गाडीचा नंबर लिहा. चालकाच्या सीटची उजवी कड, जिच्यावरून घसरत आपण उतरतो, तीच सगळ्यात आधी झिजते. दोन-तीन वर्षांनी तेवढ्या कडेला स्पंजने दोन हात मारायला ती बाटली लागेल.