मित्र-समाजातील सुतार व त्यांच्या वह्या

नासरेथच्या योसेफाचा धंदा सुतारकामाचा होता, हे शब्बाथ शाळेतील लहान मूलही सांगते. पुढे मात्र मंडळीच्या इतिहासात आपण उपदेशकांविषयी वाचतो, सुतारांविषयी क्वचितच. यास्तव या वेळी आम्ही वसाहतकालीन अमेरिकेतील क्वेकर सुतारांचा विषय घेतला आहे.

होशंगाबादच्या (आताच्या नर्मदापुरमच्या) फ्रेंड्स मिशनमुळे इंदूरकडील वाचकांना 'फ्रेंड्स' म्हणजे मित्र-समाज हे नाव परके नसावे. इंग्लंडात १६५० च्या सुमारास जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून हा समाज निघाला. पगारी पाळक नाही, शपथ नाही, शस्त्र नाही, आणि राहणी साधी. १६८१ साली विल्यम पेन यांना पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली, तेव्हा छळ सोसलेली पुष्कळ कुटुंबे समुद्र ओलांडून गेली. त्यांत सुतारही होते.

अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सुताराची माहिती आज मिळते कशी? याचे श्रेय मंडळीच्या चिटणिसांना दिले पाहिजे. मित्र-समाजाच्या मासिक सभा कार्यवृत्त फार काटेकोर ठेवीत. कोणी गाव सोडले, तर जुन्या सभेचा दाखला नव्या सभेपुढे ठेवावा लागे. त्यावरून माणूस कोठून व केव्हा आला ते कळते. लग्नाच्या दाखल्यावर हजर असलेल्या सर्वांच्या सह्या असत. समाजाबाहेर लग्न केले, शस्त्र धरले किंवा कर्ज बुडविले, तर तेही वहीत चढे. स्वार्थमोर व हॅवरफर्ड येथील महाविद्यालयांत असे कागद जपून ठेवलेले आहेत. (आपल्या मंडळ्यांच्या जुन्या नोंदवह्या कोणत्या कपाटात आहेत, हे वडीलजनांना एकदा विचारून पाहावे!)

तथापि या कागदांत धंद्याचा उल्लेख थोडाच असतो. त्यासाठी मृत्युपत्रे पाहावी लागतात, आणि मयताच्या घरातील वस्तूंची शेजाऱ्यांनी केलेली यादीही. यादीत करवती, रंधे व पटाश्या निघाल्या की माणूस ओळखू येतो. त्याच यादीत नांगर व गाईही असतात, कारण खेड्यातला सुतार बहुधा शेतकरीही असे.

तारखांविषयी एक इशारा. मार्च, जानेवारी ही नावे मूर्तिपूजकांच्या देवांवरून पडली म्हणून मित्र-समाज ती लिहीत नसे. 'पहिला महिना', 'दुसरा महिना' असे लिही. आणि १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष मार्चमध्ये सुरू होई. म्हणून त्या काळच्या वहीतील 'अकरावा महिना' म्हणजे नोव्हेंबर नव्हे, जानेवारी. हे न जाणता कोणी वंशावळ लिहू लागला, तर लेकरू आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेले दिसावयाचे.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सुताराची स्वतःची जमाखर्चाची वही. इंग्लंडातून १७१७ साली फिलाडेल्फियास आलेल्या जॉन हेड या क्वेकर सुताराची १७१८ ते १७५३ ची वही तेथील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहे. रोख नाणे दुर्मीळ, म्हणून गिऱ्हाईक माल किंवा काम देऊन हिशेब फेडी. घड्याळजी पीटर स्ट्रेच हेही मित्र-समाजाचेच. त्यांच्या घड्याळांच्या पेट्या हेड करीत.

आता अवघड भाग. साधेपणाचा उपदेश करणाऱ्या या लोकांतूनच अमेरिकेतील अत्यंत डौलदार लाकूडकाम निघाले. ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट बंदरात टाउनसेंड व गॉडर्ड ही क्वेकर घराणी राहत. जॉन गॉडर्ड (१७२४–१७८५) हे जोब टाउनसेंड यांचे जावई. त्यांच्या महोगनीच्या कपाटांचा दर्शनी भाग तीन पट्ट्यांचा, कडेच्या पुढे आलेल्या, मधली आत गेलेली, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर कोरलेला शिंपला. असे एक लिहिण्याचे कपाट १९८९ साली लिलावात एक कोटी एकवीस लाख डॉलरांना गेले. ते मूळचे निकोलस ब्राऊन यांच्या घरचे. आमच्या मते ही माणसे ढोंगी नव्हती. त्यांना साधेपणा म्हणजे हलके काम असे वाटत नसे, आणि पैसे देणारे गिऱ्हाईक बहुधा समाजाबाहेरचे धनिक व्यापारी असत.

पण लाकूड कोठले? महोगनी वेस्ट इंडीज व मध्य अमेरिकेतून येई, आणि ती तोडणारे हात बहुतकरून गुलामांचे. न्यूपोर्ट तर गुलामांच्या व्यापाराचेच बंदर. १७६० साली न्यू जर्सीचे शिंपी जॉन वूलमन तेथील वार्षिक सभेस आले. आफ्रिकेतून आणलेले गुलाम समाजाचाच एक सभासद विकीत आहे, हे ऐकून त्यांचे अन्नावरचे मन उडाले. कोणावर न गरजता ते एकेकाशी बोलत राहिले.

१७६३ साली गॉडर्ड यांनी फर्निचरच्या कामाविषयी ज्यांना पत्र लिहिले, ते मोझेस ब्राऊन हे निकोलस यांचे धाकटे भाऊ. पुढच्याच वर्षी या बंधूंचे 'सॅली' जहाज गुलाम आणावयास आफ्रिकेकडे निघाले, आणि त्या सफरीत शंभराहून अधिक जीव गेले. मोझेस यांनी १७७३ साली आपले गुलाम मुक्त केले व १७७४ साली ते स्वतः मित्र-समाजात आले. त्याच १७७३ साली न्यू इंग्लंडच्या वार्षिक सभेने सभासदांस गुलाम सोडून देण्यास सांगितले. गॉडर्ड तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते, आणि त्यांच्या कारखान्यात महोगनीच कापली जात होती.