नव्या पाण्यातला पहिला तास



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. करंजाड्याच्या आमच्या घरी खाऱ्या पाण्याची एक लहान टाकी मांडली होती. मुलीचा हट्ट होता आणि मलाही हौस होती. पाच आठवडे टाकी नुसतीच चालवली आणि मग दोन विदूषक मासे मागवले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले हे मासे तुम्ही चित्रांत पाहिले असतील. ते परगावाहून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन आले. वाटेत जवळजवळ एक दिवस गेला होता.

समुद्री माशाला नव्या पाण्याची सवय सावकाश करावी, हे मी वाचले होते. त्याप्रमाणे पिशवी उघडली, मासे पाण्यासकट बादलीत घेतले, टाकीतून एक बारीक नळी सोडली आणि दीड तास थेंब थेंब पाणी मिसळत राहिलो. मग मासे टाकीत सोडले. संध्याकाळपर्यंत दोन्ही मेले.

मुलगी म्हणाली, "बाबा, आपण तर सगळं सावकाश केलं होतं ना?"

त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा वर्गात फळ्यावर लिहितो तीच सूत्रे घरच्या बादलीत दिसू लागली. ते उत्तर आज पाहू.

समुद्रात राहूनही तहानलेला

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हाडे असलेल्या समुद्री माशाच्या रक्तात क्षारांचे प्रमाण त्याच्या साधारण एक तृतीयांश असते. या दोन द्रावणांच्या मध्ये कल्ल्यांचा अतिशय पातळ पडदा असतो. परासरणाचा नियम तुम्हांला ठाऊक आहे : अर्धपार्य पटलातून पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते. म्हणजे समुद्री माशाच्या शरीरातले पाणी अखंड बाहेर झिरपत असते. चहूकडे पाणी असून हा मासा सुकत असतो म्हणा ना! ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि कल्ल्यांतील विशेष पेशी जादा क्षार बाहेर टाकतात. गोड्या पाण्यातल्या माशाचे सारे उलट. त्याच्या शरीरात पाणी शिरत राहते आणि ते तो भरपूर मूत्रावाटे काढून टाकतो.

परासरण दाब किती असतो? कणांची संहती, वायुस्थिरांक आणि केवल तापमान यांचा गुणाकार केला की तो मिळतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात विरघळलेले कण सुमारे १ मोल धरा. मग १ × ०.०८२ × ३०० = सुमारे २५ वातावरण. माशाच्या रक्ताचा दाब याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ८ वातावरण. फरक झाला १७ वातावरणांच्या आसपास. एवढा दाब द्यायला पाण्याचा सुमारे १७० मीटर उंचीचा स्तंभ लागेल! हा फरक मासा आयुष्यभर सांभाळतो. पण तो अचानक बदलला तर?

पिशवीतल्या पाण्याची क्षारता दर हजारी ३० आणि टाकीची ३५ असेल, तर परासरण दाबात एकदम सुमारे साडेतीन वातावरणांची वाढ होते. कल्ल्यांतल्या पेशींना आपले काम वाढवायला वेळ हवा असतो. तेवढा वेळ न मिळाल्यास मासा सुकू लागतो.

जिताड्याला जमते, प्रवाळाला नाही

करंजाड्याच्या कडेने गाढी नदी वाहते आणि पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. खाडीचे पाणी भरतीला खारट होते, ओहोटीला कमी खारट होते आणि पावसाळ्यात तर बरेच गोडे होते. अशा पाण्यात वाढणाऱ्या माशांना बदलाची सवय असते. जिताडा हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते, पिल्ले खाडीत शिरतात; आणि पेण-अलिबागकडचे लोक ही पिल्ले आणून गोड्या पाण्याच्या तळ्यात वाढवतात. जिताड्याच्या कल्ल्यांतल्या पेशी पाणी बदलले की आपल्या कामाची दिशाच बदलतात. पण त्यालाही थोडा अवधी लागतोच.

विदूषक मासा प्रवाळांच्या समुद्रातला. तिथली क्षारता वर्षभर फारशी हलत नाही, म्हणून त्याची सहनशक्ती जिताड्याएवढी नसते. प्रवाळांचे तर आणखी अवघड. त्यांच्या शरीरातील द्रवाची क्षारता भोवतालच्या समुद्राइतकीच असते आणि ती स्वतंत्रपणे राखण्याची सोय त्यांच्याजवळ नसते. पाणी एकाएकी विरल झाले की पेशी फुगतात, संहत झाले की आकसतात.

निम्मा, पुन्हा निम्मा

यासाठी पाणी सावकाश मिसळायचे. त्याचे गणित सोपे आहे. पिशवीत अर्धा लिटर पाणी आहे, क्षारता ३०. टाकीचे अर्धा लिटर पाणी मिसळले की क्षारता ३२.५ होते. आता अर्धा लिटर काढून टाका आणि पुन्हा तेवढेच टाकीचे पाणी मिसळा : ३३.७५. आणखी एकदा : ३४.४. फरक ५ वरून २.५, मग १.२५, मग ०.६ असा दर वेळी निम्मा होत जातो.

नळीतून सेकंदाला दोन थेंब पडत असतील आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर मिनिटाला ६ मिलिलिटर पाणी येते. अर्धा लिटर मिसळायला सुमारे ८३ मिनिटे लागतात. क्षारता हायड्रोमीटरने मोजता येते. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असते. तिसऱ्या दशांश स्थळी एकाचा फरक म्हणजे क्षारतेत दर हजारी सुमारे १.३ चा फरक. मात्र तापमान बदलले की घनताही बदलते, म्हणून दोन्ही पाणी एकाच तापमानाला असताना मोजावे.

तापमानाचे काम त्याहून सोपे. बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवली की पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही तापमाने जवळजवळ सारखी होतात. न्यूटनचा शीतनाचा नियम इथेही लागू पडतो : फरक जितका मोठा, तितका तो वेगाने घटतो.

पिशवीतले विष

मग माझे मासे का मेले? मी तर दीड तास थेंब मोजत होतो!

बंद पिशवीत मासा दिवसभर श्वास घेतो. कल्ल्यांवाटे कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया ही दोन्ही पाण्यात उतरतात. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लतेकडे झुकते, म्हणजेच त्याचा सामू उतरतो. समजा तो ७ पर्यंत आला. या सामूला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम आयनाच्या रूपात असतो आणि हा आयन कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. विषारी असतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचा वाटा या वेळी जेमतेम अर्धा टक्का असतो. म्हणजे मासा स्वतःच निर्माण केलेल्या विषात बसलेला असतो, पण पिशवी बंद असेपर्यंत त्या विषाची धार बोथट असते.

आता पिशवी उघडा. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखा कार्बन डायऑक्साइड उडून जाऊ लागतो. शिवाय आपण टाकीचे पाणी मिसळतो, त्याचा सामू ८.२ च्या आसपास. बादलीतला सामू चढतो आणि मुक्त अमोनियाचा वाटा सात-आठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एकूण अमोनिया पाणी मिसळल्याने थोडा विरळ होतो खरा. पण त्याचा विषारी भाग दहापटीहून अधिक वाढलेला असतो. मी माझे मासे या पाण्यात दीड तास ठेवले होते. माझा सावकाशपणाच त्यांना भोवला.

यावरून रीत अशी ठरते. मासा जवळून, तासाभरात आणला असेल, तर थेंबाची पद्धत योग्य. तो लांबून आला असेल, तर त्याच्या पिशवीतल्या पाण्याची क्षारता आधी विचारून घ्यावी आणि तितक्याच क्षारतेचे पाणी एका वेगळ्या लहान टाकीत तयार ठेवावे. बंद पिशवी त्यात तरंगू द्यावी. तापमान जुळले की पिशवी उघडून मासा लगेच जाळीने नव्या पाण्यात घ्यावा. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये. मग क्षारता रोज दर हजारी एकाने वाढवत न्यावी. क्षारतेत घाई नको आणि अमोनियात दिरंगाई नको.

टाकीची तयारीही महत्त्वाची. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढावे लागते. आणि स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरेंचे क्षारही असतात.

प्रवाळांचे स्थलांतर

प्रवाळांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे प्रकाश. पुष्कळ प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाशसंश्लेषण करून त्यांना अन्न देतात. मंद प्रकाशातून एकदम प्रखर प्रकाशात आणले, त्यातून पाणीही गरम असले, तर शैवालांत ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात. शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. म्हणून मत्स्यालयांत दिवा आधी उंच ठेवून काही आठवड्यांत खाली आणतात. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर प्रकाशाची तीव्रता साधारण चौथाई होते, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही शिकलाच आहात.

नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत असेच एक मोठे काम झाले. किनारी रस्त्याच्या भरावाखाली येणाऱ्या वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवण्यात आल्या. काही हाजी अलीजवळच, तर काही कुलाब्याच्या नेव्हीनगरच्या किनाऱ्याला. समुद्रात नळी लावून थेंब मोजता येत नाहीत. तिथे खोली, प्रकाश, गढूळपणा आणि भरती-ओहोटी जुन्या जागेशी जुळेल अशी नवी जागा निवडणे, हाच बदल कमी ठेवण्याचा उपाय.

एक मात्र ध्यानात ठेवा. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ती समुद्रातून काढणे किंवा घरी बाळगणे गुन्हा आहे. त्यांचा अभ्यास पुस्तकातून करा, आणि ओहोटीला किनाऱ्यावर दिसली तर हात न लावता करा.

करून पाहा

बटाट्याच्या ५ सेंटिमीटर लांबीच्या चार सारख्या पट्ट्या कापा. चार पेल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी घ्या आणि त्यांत अनुक्रमे ०, १, २ आणि ३.५ ग्रॅम मीठ विरघळवा. एकेक पट्टी बुडवून दोन तासांनी लांबी मोजा आणि आलेख काढा. लांबी न बदलणारी क्षारता आलेखावर शोधा. तिथे बटाट्याच्या आतले आणि बाहेरचे परासरण दाब सारखे आहेत. या प्रयोगाला मासा वापरू नका. बटाटा सगळे सांगतो.

आमच्या घरी वर्षभराने पुन्हा दोन विदूषक मासे आले. या वेळी वेगळी टाकी तयार होती, क्षारता जुळवलेली होती आणि पिशवी उघडल्यापासून मासे नव्या पाण्यात जाईपर्यंत दोन मिनिटेही लागली नाहीत. घड्याळ मुलीच्या हातात होते. ते मासे आजही टाकीत फिरत आहेत.