बगल कोणी राखावी?

ग्वाल्हेरच्या आपल्या 'कंपू' या वस्तीचे नाव लष्करी आहे. महादजी शिंदे यांनी दी बॉयन या सरदाराकडून ज्या कवायती पलटणी उभ्या करविल्या, त्यांच्या समूहास कंपू म्हणत. मधली फळी कितीही भक्कम असली, तरी बगल उघडी पडलेली फौज धोक्यात येते. फुटबॉलच्या मैदानासही हे तत्त्व तंतोतंत लागू पडते, असे आम्हांस वाटते.

गोलासमोर नेहमीच दाटी असते. आपले खेळाडू दोन्ही कडांना पसरले, म्हणजे प्रतिपक्षाचे रक्षकही पांगतात आणि मध्ये वाट होते. हे काम पूर्वी विंगरकडे असे. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियास २-१ असे नमविले. त्यातील पहिला गोल उजव्या बगलेचे प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा होता.

याच बगलेवरून मागचा फुलबॅक धावत पुढे आला, तर? त्याच्यावर सहसा कोणाची नजर नसते. हेच त्याचे बळ. १९७० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलचा विंगर जाइर्झिन्यो डावीकडे सरकला. त्याच्यामागे इटलीचा फाकेत्ती गेला आणि ती कड ओस पडली. पेलेने चेंडू तिकडे सारला व फुलबॅक कार्लोस आल्बेर्तो याने गोल केला. गोल फुलबॅकचा खरा. परंतु वाट विंगरने करून दिली होती, हे विसरू नये.

आमच्या कोकणी मुलखातील उदाहरण अधिक बोलके आहे. गोव्याचा मंदार राव देसाई हा एफसी गोवा संघात प्रथम विंगर म्हणून खेळे. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्यास डावा फुलबॅक केले. २०१९ साली तो भारतीय संघात खेळला, तो याच जागेवर. पुढे आणले म्हणजे मान आणि मागे नेले म्हणजे शिक्षा, असे मानून रुसणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी धरावे.

तथापि या डावपेचास किंमत मोजावी लागते. फुलबॅक पुढे गेला की त्याच्या पाठीमागे मोकळे रान उरते. म्हणून एका बाजूचा गेला तर दुसऱ्याने जागीच राहावे, व मधल्या फळीतील एकाने त्याची उणीव भरावी. शिवाय त्यास सबंध सामनाभर सारखी ये-जा करावी लागते. तेवढा दम शाळकरी वयात थोड्यांनाच असतो.

सारांश, बगल रुंद ठेवणे हे मुख्य. ती कोणी राखावी, हा प्रश्न दुय्यम. शाळेच्या संघाने आधी दोन चांगले विंगर तयार करावेत, आणि ज्याचा दम टिकतो अशा एकाच फुलबॅकला पुढे जाण्याची मुभा द्यावी. जो पुढे धावतो त्याला परत फिरताही आले पाहिजे. आणि जो मागे थांबतो, त्याचाही गोलात वाटा असतो.