ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी मल्टीमीटरची निवड

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला म्हणजे पेरणीच्या त्या दोनचार दिवसांचे मोल शेतकऱ्यास सांगावयास नको. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टरचा सेल्फ फिरेनासा होतो. बॅटरी गेली असे समजून हजारो रुपये खर्चून नवी आणली जाते, तरी ट्रॅक्टर सुरू होत नाही. कारण दोष बॅटरीत नसून चेसिसला जोडलेल्या गंजलेल्या वायरीत असतो. काही शे रुपयांचा साधा मल्टीमीटर जवळ असल्यास हा नाहक खर्च टाळता येतो.

कोणता मल्टीमीटर घ्यावा?

बहुतेक ट्रॅक्टरांची विद्युत्‌यंत्रणा १२ व्होल्टची व डी. सी. असते. त्यासाठी आकडे दाखविणारा साधा मल्टीमीटर पुरेसा होतो. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) डी. सी. व्होल्टमध्ये २० ची पट्टी असावी. तीवर १२.६४ असे शतांशापर्यंतचे वाचन मिळते. बॅटरीच्या परीक्षेत अशा लहान फरकांनाच महत्त्व असते.

२) वायर तुटली आहे की सलग आहे, हे आवाजाने कळविणारी सोय असावी.

३) वायरी मऊ व जाड आवरणाच्या असाव्यात आणि आत फ्यूज असावा. स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या छिद्रास पुष्कळदा फ्यूज नसतो.

४) चिमटा मीटर घेण्याचा मोह होतो, परंतु स्वस्त चिमटा मीटर बहुधा ए. सी. प्रवाहच मोजतात. ट्रॅक्टरच्या डी. सी. प्रवाहास ते निरुपयोगी ठरतात.

दुकानातच परीक्षा करावी. ओहमच्या सर्वांत लहान पट्टीवर दोन्ही टोके एकमेकांस लावल्यास वाचन शून्याच्या जवळ यावे. वायर हलविताच ते उड्या मारू लागल्यास तो मीटर घेऊ नये. नव्या साध्या सेलचे वाचन सुमारे १.५ ते १.६ व्होल्ट आले पाहिजे.

दोष कसा शोधावा?

ट्रॅक्टर काही तास बंद ठेवून बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. १२.६ च्या आसपास असल्यास बॅटरी भरलेली, १२.२ असल्यास सुमारे निम्मी व १२ च्या खाली असल्यास बरीच उतरलेली समजावी. उतरलेली बॅटरी प्रथम चार्ज करावी.

नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून व इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरून सहकाऱ्याने आसनावरून सेल्फ मारावा. भरलेल्या बॅटरीचे वाचन त्या वेळी साडेनऊच्या खाली गेल्यास बॅटरी कमजोर असण्याचा किंवा सेल्फ फाजील प्रवाह ओढत असण्याचा संभव असतो. वाचन १२ च्या वरच राहिले व सेल्फ फिरला नाही, तर दोष वायरीत, स्विचमध्ये किंवा सेल्फमध्ये शोधावा.

वायरीची परीक्षा अशी : मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून सेल्फ मारावा. वाचन अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आल्यास जोड सोडवून घासून साफ करावेत व घट्ट आवळावेत. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

इंजिन मध्यम वेगाने चालू असता बॅटरीवर सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. १३ च्या खाली असल्यास पट्टा व अल्टरनेटर तपासावेत. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडल्याचा संशय घ्यावा.

दक्षता

सेल्फचा प्रवाह शेकडो अँपिअर असतो. तो मीटरमधून कधीही नेऊ नये. अँपिअरच्या छिद्रात वायर असताना मीटर बॅटरीच्या दोन खांबांना लावू नये. ओहम मोजताना बॅटरीची जोडणी सोडवावी. मीटरचा स्वतःचा सेल उतरला म्हणजे वाचन चुकते. तो वेळीच बदलावा. ट्रॅक्टरसाठी घेतलेला स्वस्त मीटर विहिरीवरील तीन फेजच्या मोटारीस लावणे जिवावर बेतू शकते. त्या कामासाठी कॅट ३, ६०० व्होल्ट या प्रतीचा मीटर लागतो व ते काम जाणकार वायरमनकडूनच करवून घ्यावे.

ट्रॅक्टर सुस्थितीत असतानाच ही वाचने घेऊन वहीत टिपून ठेवावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी एखाद्या ट्रॅक्टरवर याचे प्रात्यक्षिक दाखविल्यास ऐन वाफशात होणारा खोळंबा पुष्कळ अंशी टळेल.